डाव्या कानाच्या मोहिमेची हकीगत

थोर लढायांचे वृत्तांत लिहिणारे पुष्कळ जाहले. किल्ले कोणी घेतले, नद्या कोणी ओलांडिल्या, तह कोठे ठरले, हे सर्व दप्तरी दाखल आहे. परंतु जो गनीम दरवाजा न फोडिता आत शिरला, ज्याची फौज कोणी डोळां पाहिली नाही, ज्याचा तळ बोटभर खोल कानात पडला आणि ज्याचा डंका साऱ्या जगात एकाच मनुष्यास ऐकू आला, त्याची मोहीम आजवर कोणी लिहिली नाही. सबब हे लिहिणे. यात पदरचे घातले नाही आणि घडलेले गाळिले नाही. कोठे कमीजास्त जाहले असल्यास तो दोष लेखकाचा जाणावा, मिस्त्रींचा जाणू नये, कारण मिस्त्रींवर त्या काळी दोष येवढे आले होते की आणखी एकास जागा उरली नव्हती.

तर सांगावयाचे ऐसे जे, यंत्रकुलभूषण, मोटारप्राणदाते, राजमान्य मिस्त्री हे जळक्या मोटारी दुरुस्त करण्याच्या गादीवर तीस वर्षे आरूढ होते. तळमजल्यास दुकान, वरल्या मजल्यास बिऱ्हाड, मध्ये चौदा पायऱ्यांचा जिना, येवढी दौलत. रुसलेला पंप, घरघरणारा पंखा, जळका वास येणारा मिक्सर, जो जो दारी आला तो तो धडधाकट होवोन परत गेला. मिस्त्रींचे शस्त्र एकच, ते म्हणजे लाल मुठीचा हातभर लांब स्क्रूड्रायव्हर. मोटार चालू करावी, पाते बेअरिंगच्या घरावर टेकवावे, मूठ डाव्या कानास लावावी, डोळे मिटावे, आणि मग जो निवाडा तोंडून निघेल तो वज्रलेप. इतर कारागीर तीन तीन वेळा ऐकत, मिस्त्री एकवार ऐकत, हा त्यांचा बाणा होता. उजवाही कान होता, परंतु तो शिकविलेला नव्हता. त्यास फोन आणि पाहुणे येवढीच चाकरी.

दुकानाची दुसरी बाजू मिस्त्रींचे कुटुंब, म्हणजे बाईसाहेब, सांभाळीत. मोटारीच्या पोटी तांब्याच्या तारेचे जे वेढे असतात ते भरण्याचे काम त्यांचे. त्याकरिता एक हातयंत्र होते, आणि त्या यंत्रावर वेढे मोजणारा काटा होता, तो सत्तावीस वर्षांमागे मोडला, आणि साऱ्या मुलखाची यंत्रे नीट करणाऱ्या मिस्त्रींस घरच्या यंत्रास हात लावावयास सवड जाहली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. सबब बाईसाहेब वेढे तोंडी मोजीत. सहाशे वीस वेढ्यांची कॉइल असली आणि पाचशेनव्वदाव्या वेढ्यास कोणी हटकले, तर तार उलगडावी आणि पुन्हा एकापासून आरंभ करावा. म्हणोन दुकानाचा पुरातन कायदा ऐसा होता की, बाईसाहेबांचे ओठ हालत असता दुकानास आग लागली तरी आधी विझवावी, मग सांगावे.

ऐसे राज्य सुखाने चालत असता साल मजकुरी एके मंगळवारी दोन प्रहरी गनीम दाखल जाहला. ते दिवशी मिस्त्री एका जाड लोखंडी पाटाची कड ग्राइंडरने घाशीत होते आणि ते काम सकाळपासून चालले होते. कानावर चढवावयाची टोपणे कन्येने दूरदेशाहून पाठविली होती, ती भिंतीवरील खिळ्यास, वरचा प्लास्टिकचा कागदही न काढिता, मानाने टांगलेली होती. काम संपले, मिस्त्रींनी बटण बंद केले, ग्राइंडर थांबला, आणि आवाज थांबला नाही. बारीक, सरळ, तारेसारखी एक शिट्टी डाव्या कानी वाजत राहिली. मिस्त्रींनी कान झटकिला, जांभई दिली, नाक दाबोन फुंकिले आणि मनाशी ठरविले की चहा होईतो जाईल. चहा जाहला, दुसराही जाहला, आणि रात्रीचे जेवण जाहले, तरी गनीम जेथल्या तेथे.

मिस्त्रींची बुद्धी पडली कारागिराची. आवाज आहे तर आवाज करणारे यंत्रही असलेच पाहिजे, आणि यंत्र असले तर ते उघडता येते, ऐसा त्यांचा जन्माचा सिद्धांत. मग खासा स्वारी स्क्रूड्रायव्हर घेऊन वरल्या मजल्यावर चालोन गेली आणि प्रथम फ्रिज पाडाव केला. त्याचा पंखा काढिला, साफ केला, बसविला, शिट्टी कायम. मग ट्यूबलाइटचा चोक बदलिला. मग भिंतीवरील घड्याळाचा सेल काढोन त्यास निःशस्त्र केले, ते दीड महिना सव्वाचारावर उभे राहिले. मग शेजारच्या निवृत्त मास्तरांकडे माशांची काचपेटी होती, तिच्या हवेच्या पंपावर संशय जाहला, आणि मास्तरांस कळविले की तुमचा पंप साऱ्या इमारतीस जाच देतो. मास्तर सज्जन. त्यांनी पंप दोन दिवस मिस्त्रींच्या हवाली केला, आणि मासे बादलीत काढोन स्वतः उलथण्याने पाणी ढवळीत बसले. पंप निर्दोष ठरला. मास्तरांचा खांदा मात्र आठ दिवस दुखत होता.

इतके होऊनही मसलत फसते हे पाहोन मिस्त्रींनी येत्या रविवारी अखेरचा सुलतानढवा योजिला. दोन प्रहरी, सारी इमारत जेवोन आडवी जाहली असता, त्यांनी जिन्याखालील मुख्य बटण खाली ओढिले आणि सात बिऱ्हाडांची वीज एका झटक्यात तोडिली. पंखे थांबले, पंप थांबला, कोणाचे धुणे अर्ध्यावर राहिले, आणि मास्तर लिफ्टमध्ये दोन मजल्यांच्या मधोमध अडकले. चहूकडे ऐसी शांतता पसरली की तीस वर्षांत कोणी ऐकिली नव्हती. मिस्त्री जिन्याखाली डोळे मिटोन उभे राहिले आणि त्या शांततेत शिट्टी ऐसी काही चढोन वाजू लागली की आजवर ती लाजत होती म्हणावे. तेसमयी मिस्त्रींच्या ध्यानी आले की गनीम इमारतीत नाही. त्यांनी बटण वर केले, लिफ्ट हलली, मास्तर बाहेर आले, आणि मिस्त्री खाली पाहोन घरात गेले. सोसायटीचा खलिता दुसरे दिवशी आला, त्यातील भाषा येथे देत नाही.

इकडे घरात निराळाच कहर चालिला होता. मिस्त्रींस खात्री करोन घेण्याचा नाद लागला. दर घटकेस करंगळी डाव्या कानी जाई, मान वाकडी होई, आणि मग पृच्छा होई की, "अगं, तुला ऐकू येतंय का?" ही पृच्छा नेमकी वेढे मोजताना होई. पहिल्या दिवशी तीनशे बाराव्या वेढ्यास मोजणी मोडली, दुसरे दिवशी पाचशे चौऱ्याऐंशीव्या. तिसरे दिवशी सहाशे अठराव्या वेढ्यास, म्हणजे दोनच वेढे उरले असता, मिस्त्रींनी पुन्हा तेच पुसिले. बाईसाहेबांनी तार हातातच धरिली, डोळे मिटले, काही काळ ओठ घट्ट दाबिले, आणि मग फर्मान सोडिले की आजपासून या दुकानात कोणी कोणास काही ऐकू येते काय ऐसे पुसेल तर त्यास जेवण वरून खाली पाठविले जाणार नाही. मिस्त्रींनी फर्मान मान्य केले. मग पृच्छा डोळ्यांनी होऊ लागली, आणि ती सोसावयास अधिक कठीण.

आता शिकस्तीचा मजकूर लिहितो. पाच गल्ल्या पलीकडे मोठा धुलाईखाना होता, दवाखान्यांच्या चादरी आणि हॉटेलांचे टॉवेल तेथे धुतले जात. ओले कपडे फिरवोन पिळणारे एक अजस्र यंत्र तेथे होते आणि त्याच्या मोटारीची देखरेख बावीस वर्षे मिस्त्रींकडे होती. हे काम म्हणजे दुकानाचा कणा. बाकी पंखे-मिक्सर म्हणजे वरची कुमक. त्या धुलाईवाल्या शेठांनी नेहमीच्या तपासणीस बोलाविले. मिस्त्री गेले, यंत्र चालू करविले, स्क्रूड्रायव्हर टेकविला, डाव्या कानास लाविला, आणि ऐकितात तो बेअरिंगमध्ये शिट्टी. मागच्या बेअरिंगास लाविला, तेथेही शिट्टी. मोटारीच्या बाहेरल्या खोक्यास लाविला, खोकेही फितूर. एकवार ऐकण्याचा बाणा होता, तो राखिला, आणि निवाडा दिला की दोन्ही बेअरिंगे संपली, मोटार उतरवावी.

मोटार उतरविली. तीन दिवस धुलाईखाना बंद, चादरींचे डोंगर दारापर्यंत आले, दवाखान्यांचे लोक येवोन बसले. मिस्त्रींनी बेअरिंगे काढिली, हाती धरोन फिरविली, तो ती ऐसी गुळगुळीत की काल बसविली असावी. तरी चाचपडत नवी घातली, मोटार चढविली, आणि पुन्हा कान लाविला तो शिट्टी तीच. तेव्हा मिस्त्री गोंधळले. त्यांनी शेठांस सांगितले की कंप यंत्रातून बाहेर पसरला आहे, आणि सिद्ध करावयास स्क्रूड्रायव्हर घड्या घालण्याच्या टेबलास लाविला, आणि गंभीर मुद्रेने कथन केले की येथेही आवाज उतरला आहे. शेठांनी टेबलाखाली वाकोन पाहिले. मग हळू आवाजात बोलिले, "मिस्त्री, टेबलाला बेअरिंग असतं का?"

ते ऐकोन मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर टेबलावरून उचलिला. तेथे धुणारे, वाळविणारे, घड्या घालणारे मिळोन नऊ माणसे उभी होती. कोणी हसले नाही, आणि हसले असते तर बरे, ऐसे मिस्त्रींस वाटले. हत्यारे पेटीत घातली, पेटीचे झाकण लागेना ते तैसेच उघडे ठेविले, आणि पायी परत आले. दुसरे दिवशी खबर आली की शेठांनी काम मोबाईलवाल्या कारागिराकडे सोपविले, जो कान न लाविता यंत्रावर फोन ठेवितो आणि फोन त्यास नकाशा काढोन दाखवितो. बावीस वर्षांचे ठाणे ऐसे एका वाक्यात गेले. मिस्त्रींनी लाल मुठीचा स्क्रूड्रायव्हर ड्रॉवरच्या तळाशी घातला, वर जुने गॅस्केट टाकिले, आणि आलेल्या गिऱ्हाइकास कान न लाविताच सांगू लागले की, मोटार ठेवून जा, उघडून बघावी लागेल.

पराभवाची बातमी फुटताच सल्लागारांची झुंड आली, कारण पडलेल्या घराचे वासे मोजावयास सारेच येतात. मेव्हण्यांनी कोमट तेल सांगितले. मास्तरांनी मोठ्या मनाने श्वासाचे व्यायाम शिकविले. कन्येने रोज तीन व्हिडिओ पाठविले, त्यांपैकी एकात एक गृहस्थ मानेवर बोटांनी टिचक्या मारोन शिट्टी जाते ऐसे शपथेवर सांगत होते. मिस्त्रींनी टिचक्या मारिल्या, मान लाल जाहली. तेल घातले, उशीचा अभ्रा खराब जाहला. तेव्हा बाईसाहेबांनी हाती घेतलेली कॉइल खाली ठेविली आणि मिस्त्रींस कानाच्या डॉक्टरांपुढे हाजीर केले.

तेथे एक काचेची कोठडी होती. कान तपासणाऱ्या बाईंनी मिस्त्रींस आत बसविले, कानांवर आवाज ऐकविणारी टोपणे चढविली, हाती एक बटण दिले आणि ताकीद केली की आवाज आला की दाबावे. मिस्त्रींनी बटण दाबिले आणि दाबोनच धरिले. बाईंनी काचेतून हाताने खूण केली, मग पुन्हा केली, मग दार उघडोन बोलिल्या, "काका, मी अजून मशीन सुरूच केलं नाहीये."

डॉक्टरांनी डोक्याची तसबीर काढविली, ती निर्मळ निघाली. मग त्यांनी निकाल सांगितला की तीस वर्षांच्या घणघणाटाने कानातील बारीक केस मेले, ते पुन्हा उगवणार नाहीत, आणि त्यांच्याकडून येणारी खबर बंद पडल्याने मेंदू आपल्या पदरचा आवाज घालतो. औषधाने हा गनीम हटणार नाही, आणि त्यास हाकलावयास जितके धावावे तितका तो चढेल. मात्र त्याच्याकडे पाहणे सोडिले तर काही महिन्यांनी मेंदूही त्यास दरबारी घेणे सोडितो. मिस्त्रींस हे पटेना. ज्याचा दोष सापडला ते दुरुस्त करता येत नाही, हे त्यांनी आयुष्यात कोणा गिऱ्हाइकास सांगितले नव्हते. तेव्हा डॉक्टरांनी पुसिले की आवाज आहे की गेला, हे दिवसातून किती वेळा तपासून पाहता. मिस्त्री खोटे बोलणारे नव्हते, तासास दहा-बारा वेळा म्हणोन सांगितले.

डॉक्टर बोलिले, "मग जाईल कसा तो? तुम्हीच तर हाका मारताय."

डॉक्टरांनी कलमे लिहोन दिली ती ऐसी, की बंद खोलीत एकटे बसू नये, जवळ बारीकसा पंखा अगर काही चालू असू द्यावे, कानात ऐकू येण्याचे एक लहानसे यंत्र घालावे, ग्राइंडर चालविताना टोपणे चढवावी, आणि मुख्य कलम हे की तपासू नये. मिस्त्रींनी कागद घडी करोन खिशात घातला. घरी येताच जिन्याच्या सातव्या पायरीवर बसले ते उठेनात. वर जाववेना, खाली जाववेना. बाईसाहेब आल्या आणि एक पायरी वर बसल्या. मिस्त्रींचे डोळे भरोन आले होते आणि ते त्यांनी पुसले नाहीत.

"आता मला शांत असं कधी मिळणारच नाही का गं?" मिस्त्री बोलिले.

 बाईसाहेब बोलिल्या, "माझ्या डोक्यात आकडे चालू असतात. भाजी चिरताना, आंघोळ करताना, कुणी समोर बसून बोलत असताना. सत्तावीस वर्षं झाली. मघाशी डॉक्टर तुम्हाला समजावत होते ना, तेव्हा माझं चारशे अकरा, चारशे बारा चाललं होतं."

"कधी बोलली नाहीस."

"बोलले असते तर मोजणी मोडली असती." मग त्या जराशा हसल्या. "सुरवातीला वाटायचं वेड लागणार. मग कधीतरी सोडून दिलं. ते त्याचं काम करतं, मी माझं करते. भांडायला वेळ कुणाला आहे?"

हे ऐकोन मिस्त्रींस आपल्या दुःखाचे विस्मरण पडले आणि लाज मात्र बहुत वाटली. साऱ्या गावच्या यंत्रांस कान लावणारा मनुष्य, परंतु शेजारी बसोन सत्तावीस वर्षे काय चालले आहे हे त्यांच्या कानी आले नाही, आणि त्यास शिट्टीचे निमित्तही नव्हते. दुसरे दिवशी दुकान उघडताच त्यांनी दुसरे काही हाती न घेता हातयंत्राचा मोडका काटा सोडविला आणि तीन तास खपोन नीट केला. बाईसाहेबांनी काट्यावर भरवसा ठेविला आणि तरी ओठ हालतच राहिले, कारण जडलेली सवय काट्याने जात नाही. फरक येवढाच की आता मध्ये कोणी हटकले तर त्या उत्तर देऊ लागल्या.

मग सुलुखाचा, म्हणजे डॉक्टरांच्या कलमांचा, अमल सुरू जाहला, आणि तो काही सुरळीत जाहला ऐसे समजू नये. कानातील यंत्र पहिल्या आठवड्यात मिस्त्रींनी तीन वेळा काढोन ठेविले आणि एकवार स्क्रूड्रायव्हरने उघडावयास निघाले. मेजावरचा पंखा सौम्य आवाजाचा पाहिजे होता, परंतु मिस्त्रींच्या दुकानातील सर्व पंखे दुरुस्त निघाले. अखेर एक मुद्दाम किंचित बिघडविला, आणि कारागिरीच्या तीस वर्षांत हे काम त्यांस सर्वांत अवघड गेले. तपासू नये हे कलम तर रोज मोडे. मी आता तपासीत नाही ना, हे पाहावयास मिस्त्री तपासीत. काही दिवस गनीम पातळ वाटे, मग जागरण जाहले, सर्दी जाहली, मास्तरांशी लिफ्टवरून शब्द जाहला, की पुन्हा सारी फौज तटावर. ऐशा दिवशी मिस्त्री ओरडत, लोखंडी पाने आपटीत, मग गप्प होत. बाईसाहेब त्यांस काही समजावीत नसत. तार धरावयास बोलावीत, आणि मिस्त्री तार धरीत.

सहावा महिना सरत असता धुलाईवाले शेठ स्वतः दुकानाच्या पायरीशी उभे राहिले. कळविले की मोबाईलवाल्याने दोन वेळा बेअरिंगे बदलली, नकाशे दहा काढिले, आणि यंत्र मात्र ऐसे थडथडते की भिंतीचा गिलावा पडतो. मिस्त्रींनी खाली पाहोन सांगितले, "शेठ, माझा कान गेलाय. तुम्हाला माहितीय."

शेठ म्हणाले, "सगळ्यांना दाखवून झालं, म्हणून आलोय. नाइलाज आहे."

हे काही मानाचे बोलावणे नव्हते, परंतु खरे होते. मिस्त्रींनी बाईसाहेबांकडे पाहिले. बाईसाहेबांनी कॉइल बाजूस ठेविली, ड्रॉवर उपसोन गॅस्केटच्या खालून लाल मुठीचा स्क्रूड्रायव्हर काढिला, आणि दुकान बंद करोन संगे निघाल्या. भर दिवसा दुकानास कुलूप पडलेले त्या गल्लीने प्रथमच पाहिले.

धुलाईखान्यात तीच नऊ माणसे होती. मिस्त्रींनी पेटी खाली ठेविली. त्यांनी कानातील यंत्र काढोन खिशात ठेविले, बाईसाहेबांस बटणापाशी उभे केले, आणि प्रथम यंत्र बंद असताच स्क्रूड्रायव्हर लावोन डोळे मिटले. शिट्टी वाजत होती. त्यांनी तिला वाजू दिले आणि नीट ओळखोन घेतले, जैसा किराणावाला आधी रिकाम्या डब्याच्या वजनाचा धडा करितो आणि मगच तेल ओततो. मग बोट वर केले. बाईसाहेबांनी बटण दाबिले, यंत्र गर्जू लागले. बोट खाली, यंत्र बंद. पुन्हा वर. जे बंद पडल्यावरही उरते ते आपले, जे यंत्रासंगे चढते आणि यंत्रासंगे उतरते ते यंत्राचे, येवढा एकच न्याय धरोन मिस्त्री पुढच्या बेअरिंगावर गेले, मागच्या बेअरिंगावर गेले, खोक्यावर गेले, आणि मग जमिनीवर पालथे पडोन यंत्राच्या चारी पायांवर गेले. एकवार ऐकण्याचा बाणा होता, तो तेथेच धुण्यात पडला. अकरा वेळा ऐकिले.

मग उठले, कपडे झटकिले आणि सांगितले, "बेअरिंग दोन्ही उत्तम आहेत. त्यांना हात लावू नका. डाव्या बाजूच्या मागच्या पायाचा बोल्ट बघा."

शेठांनी पाहिले तो बोल्ट जागच्या जागी, रंग लावलेला, चकचकीत. मोबाईलवाल्यानेही तो पाहिला होता. मिस्त्री वाकले आणि दोन बोटांनी बोल्टचे डोके उचलिले, ते हाती आले. आतून तो केव्हाच तुटला होता आणि डोके वर नुसते टोपीसारखे बसले होते. तिसऱ्या प्रहरी नवा बोल्ट बसविला, यंत्र चालू केले, आणि ते ऐसे शांत फिरले की घड्या घालणाऱ्या बाईंनी विचारिले, चालू आहे ना. शेठ फार बोलणारे नव्हते. पुढच्या तपासणीस केव्हा येता, येवढेच पुसिले. मिस्त्री परतताना हत्यारांची पेटी उगीचच या हातातून त्या हातात घेत होते, आणि शिट्टी संगे होती, आणि मिस्त्रींनी तिला येऊ दिले.

ठाणे परत आले, परंतु फत्ते कधी जाहली, हे लिहिताना लेखक अडचणीत आला. किल्ला पडला की निशाण चढते. येथे गनीम पडत नाही, निघोन जात नाही, फक्त ज्याच्या मुलखात तळ आहे तो मनुष्य त्यास विसरतो, आणि विसरल्याची तारीख विसरणारास पुसता येत नाही. तेव्हा बाईसाहेबांनी आपले गुप्त दप्तर पुढे केले. शिट्टी ऐकू आली की मिस्त्रींची करंगळी कानी जाते, हे त्यांनी पहिल्या दिवसापासून मोजोन ठेविले होते, कारण न मोजणे त्यांच्या हातचे नव्हते. पहिल्या महिन्यात रोज दीडशेच्या वर. तिसऱ्यात सत्तर. शेठ आले त्या सुमारास तीस. मग वीस, मग नऊ, मग सर्दीच्या आठवड्यात पुन्हा साठ, मग चार. आणि दहाव्या महिन्याच्या एके गुरुवारी मिस्त्रींनी सकाळी दुकान उघडिले, दोन पंप नीट केले, तार चुकीच्या जाडीची पाठविली म्हणोन फोनवर भांडले, जेवले, पेंगले, मास्तरांच्या पंपाची नळी फुकट बदलोन दिली, आणि दिवे लागताना दुकान बंद केले. करंगळी एकदाही वर गेली नाही. बाईसाहेबांनी त्या दिवसापुढे शून्य लिहिले, आणि काही काळ त्या शून्याकडे पाहत बसल्या.

येवढी थोर फत्ते जाहली म्हणताच नौबत वाजवावी, वर्दी द्यावी, ऐसे कोणासही वाटेल, आणि तीच चूक रविवारी जाहली. बाईसाहेबांस आनंद राहवेना, त्यांनी कन्येस कळविले, आणि कन्येने मोठ्या मायेने फोनवर पुसिले, "बाबा, आई म्हणते शिट्टी ऐकूच येत नाही आता. खरंच?" मिस्त्री थबकले. मान वाकडी जाहली. डोळे मिटले. त्यांनी शोधिले, आणि शोधिले म्हणताच ती होतीच. "आहे की," ऐसे हळूच बोलोन त्यांनी फोन बाईसाहेबांस दिला. त्या दिवशी करंगळी एकेचाळीस वेळा वर गेली.

सबब बाईसाहेबांचे अखेरचे फर्मान निघाले, ते येथे दाखल करितो. गुरुवारची फत्ते खरी, तिच्यावर शिक्का करावा. त्या गुरुवारानंतर आजवर असे आणखी सोळा दिवस आले, तेही लिहावे. परंतु जिंकणारास ही खबर लागता ती फत्ते मोडते, म्हणोन ही हकीगत मिस्त्रींच्या हाती पडू देऊ नये, वाचून दाखवू नये, आणि कन्येने, मास्तरांनी, शेठांनी अगर कोणीही त्यांचा कान विचारू नये. हवा विचारावी, जेवण विचारावे. आणि मिस्त्री कैसे आहेत म्हणोन बाहेरच्या कोणी पुसलेच, तर कामात आहेत, ऐसे सांगावे.